गड, गादी आणि ‘पवित्र’

मराठीत फ्रेंच विचार आला तो मुख्यतः अस्तित्ववादाच्या वाटेने. सार्त्र आणि कामू ही नावे साठोत्तरी लेखकांच्या ओठांवर होती. परात्मता, निरर्थकता, एकाकीपण या शब्दांवर प्राध्यापकांची एक पिढी पोसली गेली. दलित लेखकाला या निरर्थकतेचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्याच्या दुःखाला कारण होते, कर्ता होता, आणि त्या कर्त्याच्या हातात शास्त्राचा आधार होता. अशा दुःखाला निरर्थक म्हणणे ही चैन होती, आणि ती त्याला परवडणारी नव्हती.

पण त्याच फ्रान्समध्ये दुसरी एक विचारपरंपरा आहे, तिच्याकडे आपले दुर्लक्ष झाले. माणसे एखादी वस्तू, जागा, नाव किंवा व्यक्ती पवित्र का मानतात, आणि राजसत्ता त्या पावित्र्याचा टेकू कसा घेते, हा या परंपरेचा प्रश्न. एमिल द्यूरकेम यांच्यापासून क्लोद लफोर यांच्यापर्यंत तो वेगवेगळ्या रीतीने विचारला गेला. आपल्या महाविद्यालयांत तो समाजशास्त्राच्या परीक्षेपुरता शिकवला जातो. मी बीड जिल्ह्यात शिकवतो. द्यूरकेम शिकवताना ऑस्ट्रेलियातील अरुण्टा जमातीची उदाहरणे देण्याची मला गरज पडत नाही. दसऱ्याच्या दिवशी आमच्या जिल्ह्यात जे घडते ते पुरेसे असते.

या लेखात मला दोन गोष्टी करायच्या आहेत. या फ्रेंच विचाराच्या उजेडात बीडमधील गडांचे राजकारण तपासायचे आहे, आणि बीडच्या अनुभवावर तो विचारही घासून पाहायचा आहे. परक्या विचारवंतापुढे नुसती मान डोलावणे ही समीक्षा नव्हे.

१

द्यूरकेम यांचा धार्मिक जीवनाच्या प्राथमिक रूपांवरचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा थोडक्यात असा : धर्माचे मूळ देवाच्या कल्पनेत नाही. जगाची पवित्र आणि अपवित्र अशी विभागणी करण्यात ते आहे. पवित्र ते वेगळे ठेवलेले, निषेधांनी कुंपण घातलेले. हे पावित्र्य वस्तूच्या अंगी नसते, समाज ते तिच्यावर चढवतो. माणसे एकत्र जमतात, एका तालात गातात, ओरडतात, त्या जमण्यातून एक उन्माद निर्माण होतो, आणि एकट्या माणसाला आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीचा स्पर्श झाल्यासारखा वाटतो. तो त्या शक्तीला देव म्हणतो. ती असते त्याच्याच समूहाची शक्ती. म्हणजे समाज स्वतःचीच पूजा करीत असतो, फक्त ते त्याला ठाऊक नसते.

आता भगवानगड पाहा. हा गड बीड आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या सीमेवर, पाथर्डी तालुक्यात आहे. वारकरी परंपरेतील संत भगवानबाबा यांचे हे स्थान. बाबा बीड जिल्ह्यातील सावरगाव घाट येथे जन्मले आणि १९६५ साली वारले. वंजारी समाजाने त्यांच्या ठायी आपला मान पाहिला. डोंगरपट्ट्यातला हा समाज, त्यातले हजारो लोक दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. गावात मान नाही, फडावर मान नाही, पण गडावर मान आहे. गोपीनाथ मुंडे यांनी हे ओळखले आणि दसऱ्याच्या मेळाव्याला राजकीय आशय दिला. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलू लागतात. त्या आधी एकदा सगळ्यांनी एका ठिकाणी जमणे, आपली संख्या आपल्याच डोळ्यांनी पाहणे, याचे मोल बाहेरच्याला कळणार नाही. या बाबतीत द्यूरकेम यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि या भावनेची टिंगल करणारा शहरी पुरोगामी मला कधीच पटला नाही. उपेक्षित समूहाला स्वतःचे दर्शन हवेच असते.

परंतु प्रश्न पुढे आहे. समूहाच्या या शक्तीला एकदा पावित्र्याचे रूप आले, की तिचे वाटप कोण करणार? ती कोणाच्या अंगावर चढवणार?

२

गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी गेले. त्यानंतर २०१४ आणि २०१५ चा दसरा पंकजा मुंडे यांनी गडावर साजरा केला. २०१६ साली महंत नामदेवशास्त्री यांनी गडावर राजकीय भाषण होणार नाही, अशी भूमिका घेतली. त्या वर्षीची सभा गडाच्या पायथ्याशी झाली. २०१७ पासून मेळावा सावरगाव घाटाला, बाबांच्या जन्मगावी गेला. वर्तमानपत्रांनी याला मानापमानाचे नाट्य म्हणून रंगवले. त्यातला विचाराचा प्रश्न कोणी उचलला नाही. पावित्र्याचे मालक कोण, गादी की गर्दी? महंतांच्या बाजूला परंपरेने आलेली गादी होती, नेत्याच्या बाजूला जमलेला समाज होता. द्यूरकेम यांच्या हिशेबाने पावित्र्य समाजात असते; म्हणून समाज सावरगावला गेला तसे तेही गेले. गड मागे राहिला, पण गादीचे वजन काही संपले नाही.

ते किती उरले होते, हे २०२५ साली दिसले. ६ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, केज तालुक्यातील मस्साजोग येथे पवनचक्की प्रकल्पावरील एका दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. राज्यभर संताप उसळला आणि मंत्री धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. ३१ जानेवारी २०२५ रोजी महंतांनी गड मुंडे यांच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. दोनच दिवसांनी देशमुख कुटुंबीय गडावर गेले, तेव्हा गड त्यांच्याही पाठीशी असल्याचे त्यांना सांगावे लागले. ४ मार्चला मुंडे यांनी राजीनामा दिला. मुंडे या खुनातील आरोपी नाहीत आणि खटल्याचा निकाल न्यायालयाने द्यायचा आहे. मला बोलायचे आहे ते पाठिंब्याच्या त्या प्रमाणपत्राविषयी. लोकशाहीतल्या मंत्र्याला गडाचे प्रमाणपत्र कशासाठी लागते? आणि ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला, त्यांनाही न्यायासाठी आधी त्याच पायऱ्या का चढाव्या लागतात?

क्लोद लफोर यांनी १९८१ साली धर्म आणि राजकारण यांच्या संबंधावर लिहिलेल्या निबंधात याचे सूत्र सापडते. राजेशाहीत सत्ता राजाच्या देहात नांदत असे. तो देह मर्त्य होता आणि दैवीही होता. २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि त्याबरोबर सत्तेची जागा रिकामी झाली. लफोर यांच्या मते लोकशाहीचे वैशिष्ट्य हेच : सत्तेची जागा रिकामी असते. निवडून आलेला माणूस तिथे ठरावीक मुदतीपुरता बसतो, ती जागा त्याच्या मालकीची होत नाही. पण रिकाम्या जागेची माणसाला भीती वाटते. मग ती भरून काढण्यासाठी ‘एकसंध समाज’, ‘राष्ट्र’, ‘जात’ यांना देह दिला जातो आणि एक नेता त्या देहाचे मस्तक होतो.

फ्रान्समध्येच हे आधी घडले होते. राजाचे मस्तक उडवणाऱ्या क्रांतीने दीडच वर्षात, ८ जून १७९४ रोजी, रोबेस्पिएरच्या पुढाकाराने ‘परमतत्त्वा’चा उत्सव मांडला. दोन महिन्यांच्या आत रोबेस्पिएरचाही शिरच्छेद झाला. जुने देव हाकलून दिले की देवघर रिकामे राहतेच असे नाही, हा त्याचा धडा.

आपल्याकडे निझामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले. बीड जिल्हा सरंजामी सत्तेतून निघून भारतीय संघराज्यात आला. सत्तेची जागा कायद्याने रिकामी झाली. पण ज्या समाजाची रचना जातींच्या उतरंडीची आहे, तिथे ती जागा ‘लोक’ नावाच्या कोणी भरली नाही. ती जातींनी भरली, आणि जातींनी आपापले गड शोधले. १२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला एकाच जिल्ह्यात सावरगावला एक मेळावा होता, तर ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचा दुसरा. दोन गड, दोन समाज, दोन सीमोल्लंघने. मागण्यांच्या बऱ्यावाईटपणाविषयी मी येथे बोलत नाही. मी रचनेविषयी बोलतो आहे, आणि दोन्हीकडची रचना एकच आहे.

३

येथवर फ्रेंच विचार आपल्याला उपयोगी पडला. आता त्याच्या मर्यादा पाहू.

द्यूरकेम यांच्या मेळाव्यात सगळे आत असतात. बाहेर कोण उभे आहे, हे ते विचारत नाहीत. त्यांचे शिष्य रॉबेर हेर्ट्झ यांनी १९०९ साली उजव्या आणि डाव्या हातावर एक निबंध लिहिला, तो आपल्याला अधिक जवळचा आहे. सगळे शुभ उजव्या हाताकडे आणि सगळे अशुभ डाव्याकडे का, हा त्यांचा प्रश्न. डावा हात शरीराचाच असतो, पण त्याला बांधून ठेवले जाते. आपल्या गावगाड्यात महार-मांग हा समाजाचा डावा हात होता. महाराष्ट्रातील अनेक गावांत गावाची होळी महारवाड्यातून आणलेल्या विस्तवाने पेटवण्याची चाल होती. मरीआईचा गाडा गावाबाहेर काढायचा तर त्याला हात यांचाच लागे. दसऱ्याच्या हल्याच्या बळीतही त्यांचे काम ठरलेले असे. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिल्याची कथा मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. हे सारे ‘मान’ होते, असे आजही काही पंडित सांगतात. पवित्राचे भयंकर, अशुभ आणि घाण असे जे जे अंग, ते ते वाहून नेण्याचा तो मान! दलित धर्माच्या बाहेर कधीच नव्हता. तो धर्माच्या पोटातच होता, विष्ठेसारखा. म्हणून १९५६ नंतर आपल्या माणसांनी ही कामे सोडली, तेव्हा गावाला तो केवळ मजुरीचा संप वाटला नाही. आपला देव अडला असे वाटले.

लुई द्युमाँ यांचा जातिव्यवस्थेवरील ग्रंथ १९६६ चा. त्यांचे म्हणणे असे, की भारतात प्रतिष्ठा आणि सत्ता वेगळ्या केल्या गेल्या आहेत. शुद्ध-अशुद्धतेच्या शिडीवर ब्राह्मण वर असतो, आणि राजा सामर्थ्यवान असूनही त्याच्या खाली. परदेशी विद्यापीठांत हे मत पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले. बीडच्या गडावर मात्र ते टिकत नाही. तेथील गादीचे वजन ब्राह्मण्याच्या शुद्धतेतून आलेले नाही, ते एका शेतकरी-मजूर जातीच्या संख्येतून आले आहे. प्रतिष्ठा आणि सत्ता तिथे एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसल्या आहेत. शिवाय शुद्धता हाच जातीचा प्राण, हे द्युमाँ यांचे गृहीतक बाबासाहेबांनी पन्नास वर्षे आधीच नाकारले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी एमिल सनार या फ्रेंच अभ्यासकाचे मत तपासले आणि सांगितले, की विटाळाची कल्पना ही पुरोहितशाहीची जोड आहे. जातीचे मर्म आहे ते जातीतल्या जातीत लग्न करण्यात. ज्या गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात हा निबंध वाचला गेला, ते स्वतः द्यूरकेम यांच्या टोटेमविषयक सिद्धान्ताचे टीकाकार होते. म्हणजे पंचविशीतला हा विद्यार्थी त्या काळच्या सर्वांत ताज्या वादाच्या मधोमध बसला होता. आपण मात्र त्याला अजून ‘घटनेचे शिल्पकार’ या एकाच चौकटीत बसवतो.

रने जिरार यांनी १९७२ साली हिंसा आणि पवित्र यांचे नाते मांडले. समाजात वैर साचले की तो एखाद्या बळीवर एकवटतो, ज्याचा सूड घ्यायला कोणी नाही असा बळी निवडतो, आणि त्याला मारून पुन्हा एक होतो. मराठवाड्याने हे पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. ठराव मुंबईत झाला, आणि झोपड्या जळल्या खेड्यापाड्यांतल्या, ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशांच्या. ‘मराठवाडा’ हे नाव एकाएकी इतके पवित्र का झाले? नाव हेच समूहाचे टोटेम असते, हे द्यूरकेम सांगतात. पण त्या टोटेमाला दलिताच्या बापाचे नाव लागणे हा विटाळ होता, हे सांगायला द्यूरकेम पुरत नाहीत. जिरारही पुरत नाहीत, कारण त्यांचा बळी योगायोगाने निवडला जातो. आमच्या गावात बळीची जागा वंशपरंपरेने नेमलेली आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्यासाठी सोळा वर्षे लागली.

४

मग पवित्र ही कल्पनाच टाकून द्यावी काय? आपल्यातले काही मार्क्सवादी मित्र तसे म्हणतात. बाबासाहेबांनी तसे म्हटले नाही, आणि हाच मला या चर्चेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पवित्र आणि अपवित्र यांची चर्चा आहे. प्रत्येक समाज काही गोष्टींना पवित्र मानतो आणि पवित्र म्हणजे जिचे उल्लंघन करता येत नाही अशी गोष्ट, येथून ते सुरुवात करतात. ही द्यूरकेम यांच्या घराशेजारचीच जमीन आहे. पण पुढचे पाऊल त्यांचे स्वतःचे आहे. ते विचारतात, नीतीला पवित्र का करावे लागते? कारण केवळ नीती चोरांच्या टोळीतही असते. टोळीतले लोक एकमेकांशी प्रामाणिक असतात. जातीचीही अशीच नीती असते : आपल्या माणसाला सांभाळायचे, तो कसाही असो. अशी गटापुरती नीती समाजाला तोडते. म्हणून नीती सर्वांसाठी एकच असावी लागते, आणि तिला पावित्र्याचे संरक्षण असावे लागते. दुर्बळाला तगवणे आणि व्यक्तीला वाढू देणे ही तिची कामे.

मस्साजोगच्या प्रकरणात गडाने दिलेल्या पाठिंब्याकडे या कसोटीने पाहावे. ‘आमचा माणूस’ ही गटाची नीती आहे. तिच्यावर गादीचे पावित्र्य चढले, की न्याय मागणाराच धर्मद्रोही ठरू लागतो. दुसऱ्या गडावरून दुसरा समाज हेच करील तेव्हा त्यालाही हीच कसोटी लागेल.

फ्रान्सनेही ही परीक्षा दिली आहे. ड्रायफस या ज्यू कॅप्टनला १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावर शिक्षा झाली. तो निरपराध असल्याचे पुरावे पुढे आले, तेव्हा लष्कराची आणि राष्ट्राची प्रतिष्ठा एका माणसापेक्षा मोठी, असा युक्तिवाद झाला. १८९८ साली एमिल झोला यांनी वर्तमानपत्रातून उघड आरोपपत्र लिहिले. त्याच वर्षी ज्यू धर्मगुरूच्या घरात जन्मलेल्या द्यूरकेम यांनी एक निबंध लिहून सांगितले, की आधुनिक समाजात पवित्र अशी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे माणूस. कोणा एका जमातीचा नव्हे, कोणताही. ड्रायफस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले. समूहाच्या उन्मादाचा सिद्धान्त मांडणारा विचारवंत स्वतः त्या उन्मादाविरुद्ध उभा राहिला होता, हे आपली पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी १९३६ साली एका पत्रात खेदाने लिहिले, की आधुनिक राष्ट्रेही अशी नाचवली जातील याचा अंदाज आम्हाला आला नव्हता. जर्मनीत तेव्हा हिटलरचे मेळावे चालू होते.

बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले होते, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली आहेत. याचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. फ्रेंच क्रांतीने बंधुता हा शब्द दिला, पण तिला पवित्र कसे करायचे ते तिला साधले नाही. ती उत्सवांत आणि गिलोटिनमध्ये अडकली. १४ ऑक्टोबर १९५६ हाही दसराच होता. त्या दिवशी नागपूरला लाखो माणसे जमली. उन्माद तिथेही असेल, पण त्या मेळाव्याचा शेवट कोणा नेत्याच्या नावाच्या जयघोषात झाला नाही. प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि त्या प्रत्येकाने स्वतःच्या वागणुकीत पाळायच्या होत्या. त्या दिवशी पावित्र्य गादीवरून उतरून आचरणात आले.

५

आता आपल्याकडे वळले पाहिजे. ही समीक्षा गडांवरच थांबली तर ती सोयीची होईल. आपल्याकडे गड नाहीत, गट आहेत, आणि प्रत्येक गटाचा आपला मेळावा, आपले मस्तक आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते, की धर्मातली भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीलाही लागू आहे. पुतळ्याची विटंबना झाली की आपण रस्त्यावर येतो, आणि ते योग्यच आहे. पण बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ साली शासनाच्या समितीने केली, तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसात खाडा नको, दंड नको, म्हणून कोवळ्या वयात केलेल्या शस्त्रक्रिया त्यांत होत्या. या स्त्रियांत दलित आहेत, वंजारी आहेत, मराठाही आहेत. त्यांच्या देहाची ही विटंबना पाहून कोणता गड पेटला? कोणता गट रस्त्यावर आला? माणूस पवित्र असेल तर तो देह पुतळ्याइतका तरी पवित्र असायला हवा होता.

फ्रेंच विचाराने आपल्याला प्रश्न विचारण्याची एक रीत दिली. तिला जातीचे भान आपण द्यायचे आहे, आणि हे काम पॅरिसमध्ये होणार नाही. अंबाजोगाई, परळी, गेवराई, पाटोदा येथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी येत्या दसऱ्याला वही घेऊन बाहेर पडावे. सावरगावला जावे, नारायणगडावर जावे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आपल्या कार्यक्रमालाही जावे. व्यासपीठावर कोण बसले, बाईला कितव्या क्रमांकावर बोलू दिले, गर्दीतला मजूर कोणाच्या गाडीतून आला, दुसऱ्या जातीच्या माणसाविषयी काय बोलले गेले, आणि तो मेळावा संपल्यावर कोयता घेऊन कोण निघाले, हे टिपून ठेवावे. एकाच फडावर ऊस तोडणाऱ्या तीन जातींच्या बाया दसऱ्याला तीन दिशांना का जातात, हा प्रश्न त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.